हातचं चित्र : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की, कॉमिक कॉनसारख्या चित्रकथांच्या मेळाव्यांत चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र दोन-तीन हजारांतही मिळू शकतं, आणि कुठल्या गावी जाणारच असाल तर तिथल्या मेळाव्याच्या तारखा बघून तिकिटं काढा. त्यावर ठाण्याहून आणि नवी मुंबईहून इतकी पत्रं आली की, हा महिना त्यांनाच दिला आहे. नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. मी नौपाड्यात राहते. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफसेट छापखान्यात अठ्ठावीस वर्षं कॅमेरा आणि प्लेटमेकिंग विभागात होते. छापण्याआधीचं चित्र आणि छापून आलेलं चित्र रोज शेजारी शेजारी ठेवून बघायचं, हे माझं काम होतं. मूळ चित्रांचा नाद तिथेच लागला.

काकू, मी ऐरोलीत नोकरी करतो. यंदा मित्रांबरोबर बंगळूरच्या कॉमिक कॉनला चाललोय. गाडीभाडं, राहणं, प्रवेशाचं तिकीट हे सगळं वजा जाता हातात तीन हजार राहतात. एवढ्यात ओरिजिनल मिळेल, की प्रिंट घेऊनच परत यायचं? (एक वाचक, घणसोली)

मिळेल. मात्र तू ते टेबलावर मांडलेल्या मालात शोधू नकोस, तिथे ते बहुतेक नसतंच.

भारतातलं पहिलं कॉमिक कॉन २०११ साली दिल्ली हाटात भरलं, आता ते बऱ्याच शहरांत होतं. आत शिरलास की आधी टी-शर्ट, बाहुल्या, गेमिंगचे मोठे स्टॉल लागतील. तिथे थांबू नकोस, थेट आर्टिस्ट ॲली गाठ. तिथे एकेका टेबलामागे एकेक चित्रकार बसलेला असतो. समोर प्रिंट, स्टिकर, बॅज, की-चेन. घरभाडं त्यावर निघतं, म्हणून तेच पुढे मांडलेलं असतं. मूळ कागद असतो पायाशी ठेवलेल्या बॅगेत किंवा खुर्चीमागच्या फोल्डरमध्ये. तिथे जाऊन एकच वाक्य बोलायचं, ‘तुमच्याकडे हाताने काढलेली पानं किंवा रफ आहेत का?’ गेल्या खेपेला मी हे चौदा टेबलांवर विचारलं. नऊ जणांनी नकारार्थी मान हलवली, ते टॅबवरच काढतात, त्यांच्याकडे कागद नसतोच. पण उरलेल्या पाचांनी बॅगेत हात घातला.

आता काय मागायचं ते ऐक. कॉमिकच्या पानांच्या किमतीला एक उतरंड असते. सगळ्यात महाग मुखपृष्ठ. मग ज्यात एकच मोठं चित्र पानभर असतं ते पान. मग नायक पूर्ण वेशात हाणामारी करतो ती पानं. सगळ्यात शेवटी ज्यात काहीच ‘घडत’ नाही ती, म्हणजे दोन माणसं बोलताहेत, पाऊस पडतोय, गल्ली रिकामी आहे. तुझ्या तीन हजारांत ही शेवटची पानं बसतात. आणि माझं ठाम मत सांगते, चित्रकार किती पाण्यात आहे ते ह्याच पानांवर कळतं. उडी मारणारा नायक ठरावीक साच्यातून काढता येतो, चहा गाळणारा म्हातारा नाही येत.

तो म्हातारा माझ्याकडे आहे. २,२०० रुपयांना घेतला. तीन चौकटींत तो चहा गाळतो, चौथीत नुसता कप आहे. कागद तिरका धरला की शाईखाली फिकट निळ्या पेन्सिलच्या रेषा दिसतात. त्याचा डावा हात आधी गाळणीवर होता, मग चित्रकाराने तो ओट्यावर टेकवला आणि त्या एका बदलाने माणूस दमलेला दिसायला लागला. वर उजव्या कोपऱ्यात ‘पान १४’ लिहिलंय. खाली समासात शाईचा अंगठा उठलाय. छापील पुस्तकात ह्यातलं काहीच नाही. ती निळी पेन्सिल मला फार ओळखीची आहे. छपाईसाठी चित्राचा फोटो काढायच्या आमच्या प्रोसेस कॅमेऱ्याच्या फिल्मला तो फिकट निळा कागदासारखाच पांढरा दिसायचा, म्हणून आर्टवर्कवरच्या सगळ्या सूचना निळ्यात लिहीत. चित्रकारांनी तीच युक्ती कच्च्या रेषेसाठी वापरली आणि कॅमेरे भंगारात गेले तरी सवय टिकली.

पान नसेल तर रफ माग. मुखपृष्ठाआधी चित्रकार हाताच्या तळव्याएवढे चार-पाच आराखडे करतो, ते कुणी विकायला ठेवतच नाही. पाचशे-सातशेला मिळतात. मी असा एक घेतला, तेव्हा त्या मुलीने आधी ‘हे कशाला हवंय तुम्हाला?’ असं विचारलं आणि मग स्वतःच पंधरा मिनिटं त्यावर बोलत बसली.

एक काम मात्र निघण्याच्या दहा दिवस आधी कर. सहभागी चित्रकारांची यादी जाहीर होते, त्यातले पाच-सहा जण निवड आणि त्यांना निरोप पाठव की, मी येतोय, जुनी मूळ पानं असतील तर आणाल का. बाहेरगावचा चित्रकार विमानाने येतो, सात किलोच्या बॅगेत प्रिंट कोंबतो आणि मूळ पानं घरी कपाटात राहतात. कुणी मागितलीच नाहीत तर तो कशाला वाहून आणेल? तू मागितलीस तर आणेल.

कमिशन, म्हणजे समोर बसवून काढून घेतलेलं चित्र, हवं असेल तर पहिल्या दिवशी दार उघडताच जा. चांगल्या हाताची यादी तासाभरात भरते. तेव्हा भवानीचं गिऱ्हाईकही तूच असशील. चेहऱ्यापुरतं चित्र तुझ्या पैशांत आरामात बसेल. पण ‘तुम्हाला आवडेल ते काढा’ असं म्हणालास तर जे हाती येतं, ते सांगून काढून घेतलेल्यात क्वचित येतं.

दोन वर्षांपूर्वी एका मेळाव्यात ‘ओरिजिनल’ म्हणून साडेतीन हजारांना चित्र घेतलं. खाली पेन्सिलने सही आणि १२/१०० असं लिहिलंय, सोनेरी रंगाचे फटकारेही आहेत. आता जावई म्हणतात, ही प्रिंट आहे. कसं ओळखायचं? (एक वाचक, चरई, ठाणे)

जावई बरोबर आहेत, आणि मला वाईट वाटतं. १२/१०० म्हणजे शंभर प्रतींतली बारावी प्रत. सही खरी असते, सोनेरी फटकारेही हाताचेच असतात, पण ते छापलेल्या चित्रावर मारलेले असतात. अशी प्रिंट विकण्यात काही गैर नाही, ती ओरिजिनल म्हणून विकण्यात आहे.

एक दहापट भिंग घ्या. छापखान्यात आम्ही त्याला आयग्लास म्हणायचो. ते चित्रावर टेकवा आणि डोळा त्याला लावा. ऑफसेटवर छापलेलं असेल तर सगळा रंग विरघळून ठिपक्यांचा होतो, निळा, किरमिजी, पिवळा, काळा, आणि ते ठिपके छोट्या छोट्या फुलांसारखे गोल करून बसलेले दिसतात. इंकजेट असेल तर फुलं नाहीत, पण सगळीकडे बारीक तुषार उडाल्यासारखे ठिपके. हातच्या रेषेत ठिपके नसतातच. शाई कागदाच्या तंतूंत शिरलेली दिसते, कडा किंचित खरबरीत असते. ब्रश सुकत आलेला असतो तिथे काळ्यामध्ये पांढऱ्या चिरा पडलेल्या असतात.

भिंग नसेल तर कागद खिडकीशी नेऊन आडवा धरा. मूळ चित्राला उंच-सखल असतं. पेन्सिलने दाबलेली खाच, पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्तीचा उंचवटा, दाट काळ्याची वेगळी चमक. प्रिंट सगळीकडे सारखीच चमकते. मग कागद उलटा करा. मार्करने काढलेलं असेल तर रंग मागे झिरपलेला दिसतो, आणि ज्या जागी मार्कर दोनदा फिरला तिथे समोरून पट्टा गडद असतो. फ्रेममध्ये घट्ट बसवलेलं, मागून बघू न देणारं चित्र मेळाव्यात घेऊच नका.

विकत घेताना ‘हे ओरिजिनल आहे का?’ असं विचारू नका, त्याला प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो. ‘ह्यातलं हाताने काय केलंय आणि कशाने?’ असं विचारा. हल्ली पुष्कळ चांगले चित्रकार पेन्सिलकाम टॅबवर करतात, ते फिकट निळ्यात जाड कागदावर छापून घेतात आणि वर हाताने शाई फिरवतात. मग शाई मूळ, पेन्सिल नाही. अमेरिकेच्या मासिक कॉमिकमध्ये तर बऱ्याचदा पेन्सिल करणारा आणि शाई करणारा दोन वेगळे असतात. पुष्कळदा पेन्सिलवाला पान स्कॅन करून पाठवतो, शाईवाला ते आपल्या बोर्डावर निळ्यात छापतो, आणि एकाच पानाची दोन मूळ चित्रं होतात, एक शिशाचं, एक शाईचं. दोन्ही खरी. प्रामाणिक माणूस हे आपण होऊन सांगतो. जो कच्चं रेखाटन दाखवायला कां-कूं करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

तुमचं चित्र आवडलं असेल तर भिंतीवरून उतरवू नका. पैसे जास्त गेले, चित्र तेच आहे.

ऑगस्टमध्ये मुलीकडे टोकियोला जायचंय. नातू म्हणतो, आजोबांना कॉमिकेटला नेणार. माझं वय ६७. तिथे माझ्यासारख्याने काय घ्यावं? (एक वाचक, नेरूळ)

कॉमिकेट १९७५ पासून भरतं. आता ते वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि वर्षअखेरीस, टोकियो बिग साइट ह्या प्रदर्शन केंद्रात असतं. तिथे प्रामुख्याने विकतात ती लोकांनी स्वतः काढलेली, स्वतः छापून घेतलेली पुस्तकं. त्यांना दोजिन्शी म्हणतात. तिथे जायला हरकत नाही, पण ऑगस्टचं ऊन आणि रांग तुमच्या वयाला जड जाईल. नातवाला सांगा, सकाळची घाई नको, दुपारी निवांत जाऊ. आधी तिकिटाची व्यवस्था करायला लावा. जवळ १,००० येनच्या नोटा आणि ५००, १०० ची नाणी ठेवा. टेबलावरच्या माणसाला मोठी नोट दिलीत तर मागची रांग खोळंबते.

मूळ चित्रासाठी मी तुम्हाला दुसरा मेळावा सुचवीन, कोमितिया. तो १९८४ पासून चालू आहे, वर्षातून चार वेळा होतो आणि तिथे फक्त स्वतःची निर्मिती चालते, दुसऱ्याच्या पात्रांवरची नाही. गर्दी बेताची असते, चित्रकाराशी दोन शब्द बोलता येतात. तुमच्या मुक्कामात तारीख येते का, ते नातवाला बघू द्या.

जपानी मेळाव्यांत एक गोड रीत आहे. आपली कोरी स्केचबुक चित्रकारासमोर धरायची आणि नम्रपणे विचारायचं, काही काढून द्याल का. तो मोकळा असेल तर घेतो, नसेल तर नाही म्हणतो, आणि नाही म्हटलं की वाकून आभार मानून निघायचं. आधी त्याचं पुस्तक विकत घ्या, मग वही पुढे करा. घरून निघताना जाड कागदाची एक वही घेऊन जा, पातळ कागदावर मार्कर चार पानं खाली उतरतो.

टोकियोतलीच आणखी एक जागा, नाकानो ब्रॉडवे हे बाजारसंकुल. जुन्या मालाची दुकानं एकाला एक लागून आहेत. तिथे तुम्हाला सेल दिसतील, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ शीटवर मागच्या बाजूने रंगवलेली, ॲनिमेशनमध्ये प्रत्यक्ष वापरलेली चित्रं. साधारण २००० सालच्या सुमारास जपानी ॲनिमेशन संगणकावर गेलं, त्यामुळे नवे सेल बनत नाहीत. दिसायला फार सुंदर. पण मी तुम्हाला घेऊ नका म्हणेन. तो ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचा असतो, आपल्या दमट हवेत वाकतो, रंग चिकटतो आणि जुना झाला की व्हिनेगरसारखा वास सुटतो. नेरूळच्या खाडीवाऱ्यात तो टिकवणं कठीण. त्याऐवजी त्याच दुकानात हालचालीची पेन्सिल रेखाटनं असतात, साध्या पातळ कागदावर, वर छिद्रं पाडलेली, कोपऱ्यात क्रमांक टाकलेला. बरीच स्वस्त. एका वळणाऱ्या डोक्याची लागोपाठची तीन मिळाली तर तिन्ही घ्या आणि एकाच फ्रेममध्ये लावा.

अमेरिकेहून येताना मुलगा कॉमिकचं एक पान आणणार आहे. गुंडाळून नळीत घालू, की सपाट? (एक वाचक, कळवा)

सपाट. अमेरिकी पान ११ इंच बाय १७ इंचांच्या जाड ब्रिस्टल बोर्डावर असतं. ते गुंडाळलं की शाईला तडे जातात, पांढऱ्या रंगाच्या दुरुस्त्या सुटून येतात.

आता माझ्याकडून झालेली चूक ऐका. मी अशा पानासाठी रुबाबात ए-थ्री फोल्डर घेऊन गेले होते. ए-थ्रीची लांबी ४२ सेंटिमीटर. १७ इंच म्हणजे ४३.२. पान एक सेंटिमीटरने बाहेर राहिलं आणि सिंगापूरच्या विमानतळावर बॅग वरच्या कप्प्यात सरकवताना त्याचा खालचा कोपरा दुमडला. ती घडी आजही दिसते, आणि दिसली की मला त्या संध्याकाळची हळहळ पुन्हा वाटते. मुलाला सांगा, दोन पुठ्ठे १२ बाय १८ इंचांचे कापून घे, पान आधी प्लॅस्टिकच्या पाकिटात, मग दोन्ही पुठ्ठ्यांच्या मधे, कडेने चिकटपट्टी, आणि हे सगळं केबिन बॅगेत कपड्यांच्या मधे उभं. चेक-इनमध्ये द्यायचं नाही. चित्रकाराकडून साध्या कागदावर का होईना, किंमत लिहिलेली पावती घ्यायची आणि ती पासपोर्टजवळ ठेवायची. कस्टमवाल्यांनी विचारलं तर कागद पुढे करता येतो.

मेळाव्यात घासाघीस करावी का? (एक वाचक, वाशी)

एका चित्रावर करू नका. दोन-तीन घेत असाल तर ‘सगळं मिळून काय लावाल?’ असं विचारणं रास्त आहे. रविवारी शेवटच्या तासात चित्रकार स्वतःच कमी करतो, कारण ओझं परत न्यायचं नसतं. तेवढं थांबायची तयारी असेल तर थांबा, पण मन बसलेलं चित्र तोवर गेलं तर हळहळू नका.

मुलगा कॉव्हेंट्रीला आहे. त्याने तिथल्या विज्ञानकथावाल्यांच्या मेळाव्यात ‘आर्ट शो’ असतो म्हणून सांगितलं. बोली लावायची म्हणतो. लिलाव म्हटलं की मला धडकी भरते. (एक वाचिका, पाचपाखाडी)

ताई, धडकी भरायचं काही कारण नाही. मी २०२३ च्या ईस्टरला बर्मिंगहॅमच्या ईस्टरकॉनमध्ये गेले होते. ब्रिटनचं हे विज्ञानकथा संमेलन दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत असतं, गाव बदलत राहतं.

आर्ट शो ही एक शांत खोली असते. जाळीच्या पडद्यांवर चित्रं टांगलेली, प्रत्येकाखाली एक कागद. त्यावर चित्राचं नाव, माध्यम, मूळ की प्रिंट, आणि कमीत कमी बोली. तुम्ही टेबलावर नाव नोंदवायचं, एक क्रमांक मिळतो. चित्र आवडलं की त्या कागदावर आपला क्रमांक आणि रक्कम लिहायची, आणि चहा प्यायला जायचं. तुमच्यावर कुणी वरची रक्कम लिहिली तर परत येऊन वाढवायची. ठरावीक संख्येपेक्षा जास्त बोल्या आल्या तरच ते चित्र तोंडी लिलावात जातं, नाहीतर शेवटची लिहिलेली बोली ज्याची, चित्र त्याचं. ती संख्या किती, ते दारातच विचारून घ्या, जागोजागी वेगळी असते.

स्वस्तात मूळ चित्र मिळण्याची माझ्या माहितीतली ही सगळ्यात चांगली जागा आहे, कारण लोकांचं लक्ष ड्रॅगन आणि अंतराळयानांवर असतं. तिथल्या एका पडद्यावर खालच्या ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर, शाईने काढलेलं एक घुबड होतं, पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं. कमीत कमी बोली २५ पौंड, तेव्हाच्या भावाने अडीच हजार रुपये. कागद कोरा. मी २५ लिहिले आणि दोन दिवस दर तीन तासांनी जाऊन बघत होते. कुणीच लिहिलं नाही. म्हणून सांगते, खाली वाकून बघा.

एकच लक्षात ठेवा. चित्र लगेच हातात देत नाहीत, प्रदर्शन संपल्यावर पैसे भरून न्यायचं असतं. परतीची गाडी त्या वेळेनंतरची काढायला मुलाला सांगा.

माझी मुलगी कलाशाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा पहिल्यांदा आर्टिस्ट ॲलीत टेबल घेतेय. मूळ चित्रांना काय भाव लावावा ते तिला कळत नाही, म्हणून ती फक्त प्रिंटच ठेवणार म्हणते. (एक आई, कोपरखैरणे)

तिला मूळ चित्रं ठेवायला सांगा, आणि रफही. आधी एक गोष्ट सांगते.

नव्वदच्या दशकात दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आमच्याकडे छपाईला यायची. पोस्टर कलरमध्ये केलेली, वर ट्रेसिंग पेपरचं झाकण, त्यावर मापं आणि सूचना. छपाई झाली की मूळ चित्र खरं तर चित्रकाराकडे परत जायला हवं. संपादक न्यायला विसरत, चित्रकार मागायला संकोचत. दोन दिवाळ्या ती कपाटावर पडून राहत आणि मग व्यवस्थापक रद्दीवाल्याला बोलावत. मी डोळ्यांनी बघितलंय, उभ्या कागदांच्या गठ्ठ्यात, किलोच्या भावात. मी नोकरीतली साधी मुलगी, बोलले, पण कुणी ऐकलं नाही. एकदा मात्र त्या गठ्ठ्यातलं एक चित्र मी उचललं, रविवारी लोकलने दादरला गेले आणि चित्रकाराच्या घरी नेऊन दिलं. नऊवारीतली बाई, हातात पणती, पणतीचा उजेड फक्त हनुवटीखाली. वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चित्र बराच वेळ मांडीवर ठेवलं. मग आत गेले आणि त्याच चित्राचं पेन्सिलचं कच्चं रेखाटन आणून माझ्या हातात ठेवलं. त्यात बाईचा चेहरा तीनदा खोडून काढलेला आहे. माझ्या संग्रहातलं ते पहिलं चित्र. पैसे देऊन घेतलेलं एकही त्याच्या जवळ जात नाही.

तर भाव. किती तास लागले ते मोजायचं, तासाला काय पडलं तर तिला परवडेल ते ठरवायचं, कागद-रंगाचा खर्च मिळवायचा. तिच्याच सगळ्यात महाग प्रिंटपेक्षा तिचं मूळ चित्र निदान चार-पाचपट असावं, नाहीतर गिऱ्हाईकाला वाटतं की ह्यात काही विशेष नाही. रफ वेगळ्या फोल्डरमध्ये, मागे पेन्सिलने तारीख आणि ते कुठल्या चित्राचं आहे ते लिहून. फोल्डरवर ठळक अक्षरात ‘हातची चित्रं, उघडून बघा’. माझ्यासारखी बरीच माणसं विचारायला लाजतात. जे विकायचं नाही त्यावर तसं लिहावं, आणि विकण्याआधी प्रत्येकाचं चांगलं स्कॅन करून ठेवावं. टेबल कुठल्या हॉलमध्ये आहे ते मला कळवा. मी येईन.

पावसाळ्यात चित्रांना बुरशी येते. काय करावं? (ठाणे, खारघर, उलवे इथून अनेक पत्रं)

नैऋत्येच्या पावसाचा मार ज्या भिंतीवर बसतो ती भिंत टाळा, आतली भिंत निवडा. फ्रेमवाल्याला सांगा, काच आणि चित्राच्या मधे माउंट बोर्ड हवाच, काच कागदाला टेकली की ओल धरते. चित्र मागे फेविकॉलने किंवा सेलोटेपने चिकटवू द्यायचं नाही, तो टेप पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर नकोच नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम ह्यांच्यात वारा खेळतो. ऊन थेट पडू देऊ नका, मार्करचे रंग वर्षा-दोन वर्षांत उडतात. जी चित्रं फोल्डरमध्ये आहेत त्यांना नव्या पादत्राणांसारखा वास मारणारं प्लॅस्टिक नको, ते पीव्हीसी असतं. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर महिन्याला बदला. कसर दिसली तर औषध फवारू नका, चित्र बाहेर काढून मऊ ब्रशने झाडा आणि कपाट पुसा.

चित्रकाराला चित्रावर माझं नाव लिहू द्यावं का? मित्र म्हणतो, मग ते पुढे विकता येत नाही. (एक वाचक, कोलशेत)

मित्राचं खरं आहे, ‘अमक्यासाठी’ असं लिहिलेल्या चित्राला पुढचं गिऱ्हाईक कमी पैसे देतं. म्हणूनच कित्येक चित्रकार नाव आधी विचारतात. नाव लिहून घेणाऱ्याला ते स्वस्तातही देतात, कारण उद्या हे बाजारात जाणार नाही एवढी त्यांची खात्री होते. विकायचं असेल तर लिहू देऊ नका. मी नेहमी लिहू देते.

बर्मिंगहॅमला ते घुबड काढणारी बाई शेवटच्या दिवशी तिथेच भेटली. चित्राच्या मागे माझं नाव लिहाल का, असं मी विचारलं. तुमच्या लिपीत लिहिते म्हणाली. मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. तिने ते बराच वेळ न्याहाळलं, मग पेन उचललं आणि आपण करतो त्याच्या उलट केलं. आधी शिरोरेषा ओढली, डावीकडून उजवीकडे, एका दमात, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत गेली, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. शेवटच्या अक्षराला रेघ थोडी पुरली नाही. तिने ती तेवढीच पुढे वाढवली आणि तिथे एक जाडसर सांधा राहिला.